‘ध’ चा ‘मा’ : शेवटचं वाचन कुणाचं?

‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आपल्याला शाळेतच भेटतो. अर्थ पाठ होतो, वाक्यात उपयोग करून मार्क मिळतात आणि विषय संपतो. पण संशोधनाच्या वाटेला लागलेल्या माणसाने या गोष्टीकडे पुन्हा एकदा यायला हवं, असं मला वाटतं. कारण तिच्यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. निरोप हातातून सोडण्याआधी तो पुन्हा का वाचायचा, हा एक. आणि असा निरोप होता, त्यात असा बदल झाला, हे आपल्याला कुणी सांगितलं, हा दुसरा. पहिल्यावर सगळेच बोलतात. दुसरा मात्र सहसा कुणी विचारत नाही, आणि पीएचडीत रोज तोच कामाला येतो.

आधी घटना बघू. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. त्यांच्यामागे धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ ला, भाद्रपदात, ऐन गणपतीच्या दिवसांत, थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी वाड्यात शिरले. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ ही त्यांच्या म्होरक्यांची नावं. नारायणराव पळत काकांच्या दालनात गेला आणि त्यांना बिलगला. राघोबांचाच नोकर तुळाजी पवार याने त्याला ओढून बाजूला काढलं. चापाजी टिळेकर नावाचा सेवक हातात शस्त्र नसताना मध्ये पडला, धन्याला मिठी मारून राहिला, आणि दोघेही एकत्रच मारले गेले. वाड्यात त्या दिवशी आणखीही काही जीव गेले. नारायणराव तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. ‘काका, मला वाचवा’ ही हाक मराठी माणसाच्या कानात आहे ती इथून.

पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, राघोबांना दोषी धरलं, या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं. याच चौकशीत तो प्रसिद्ध कागद येतो. राघोबांनी गारद्यांना लेखी हुकूम दिला होता तो नारायणरावास ‘धरावे’ एवढाच. मधल्या मध्ये ‘ध’ चा ‘मा’ झाला आणि ‘मारावे’ असा हुकूम गारद्यांच्या हाती पडला. बदल केला तो राघोबांची बायको आनंदीबाई हिने, असं सांगतात.

आता ‘सांगतात’ म्हणजे कोण सांगतात?

ही हकिगत छापील स्वरूपात जगभर पोचवली ती मुख्यतः जेम्स ग्रँट डफ याच्या मराठ्यांच्या इतिहासाने. तो ग्रंथ तीन खंडांत १८२६ साली प्रसिद्ध झाला. पेशवाई बुडाल्यावर डफ साताऱ्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. दप्तरं पाहायला आणि जुन्या माणसांशी बोलायला त्याला भरपूर संधी मिळाली. तरीही खून आणि पुस्तक यांत ५३ वर्षांचं अंतर आहे. डफ लिहितो की रामशास्त्र्यांनी मूळ कागद मिळवला आणि त्यात शब्द बदललेला आढळला. इथपर्यंत त्याची भाषा ठाम आहे. बदल आनंदीबाईने केला हे सांगताना मात्र ती बदलते. सर्वांचा असा समज आहे, अशा अर्थाचं तो लिहितो. दोन वाक्यं शेजारी-शेजारी, पण त्यांचं वजन सारखं नाही. पहिल्यात कागद आहे, दुसऱ्यात लोकमत. शाळेच्या पुस्तकापर्यंत येता येता दोन्ही एकाच वजनाची झाली. १९४४ च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटासारख्या कलाकृतींनी ही कथा घराघरात नेली, आणि पडद्यावर ‘असा समज आहे’ दाखवता येत नाही. तिथे माणूस काहीतरी करतानाच दाखवावा लागतो.

आपल्या हातात आहे तो कागद नव्हे, त्या कागदाविषयीचं कथन आहे. हा फरक मनात पक्का ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी मला पहिल्या वाचनात जाणवली नव्हती पण दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात डोळ्यांत भरली. ‘मी फक्त धरायला सांगितलं होतं’ या कथेचा फायदा कुणाला होतो? राघोबांना. खुनाचा आरोप कटाच्या आरोपावर येतो आणि उरलेला भार बायकोच्या अंगावर जातो. पुरावा तपासताना वकील जे विचारतो तेच इतिहासकाराने विचारायचं असतं: हे खरं ठरल्यास कोण सुटतं? डफलाही हे सुचलं होतं. पुतण्या अंगाला बिलगलेला असताना काकांनी त्याला वाचवण्यासाठी जे केलं नाही, त्यावरून संशय येतोच, हे तो नोंदवतो. पण राघोबांचा हेतू खुनाचा नव्हता असं लोकांचं सर्वसाधारण मत असल्याचंही सांगतो. आनंदीबाई निर्दोष होती असं मला म्हणायचं नाही. पण अडीचशे वर्षं एका बाईच्या नावावर जे खापर आहे त्याचा आधार ‘सर्वांचा समज’ आहे, हे निदान माहीत तरी असावं.

आता वळू माझ्या विषयाकडे. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही; एम.एस्सी. करून आता मोडी हस्ताक्षर संगणकाला वाचायला शिकवण्यावर काम करतोय. रहाटणीतल्या खोलीत बसून अठराव्या शतकातल्या कारकुनांच्या ओळी स्क्रीनवर मोठ्या करून पाहणं हा माझा दिवसाचा धंदा. त्यामुळे ‘ध’ चा ‘मा’ मला आधी दिसतो तो मोजमापाचा प्रश्न म्हणून.

धरावे, मारावे. तीन-तीन अक्षरं. शेवटची दोन तंतोतंत तीच, फक्त पहिलं वेगळं. युनिकोडच्या हिशोबाने बघितलं तर एक व्यंजन बदलायचं आणि एक काना वाढवायचा, एवढ्या दोनच कृती. कागदावर तर काना म्हणजे लेखणीचा एक फटकारा. बेल लॅबमध्ये काम करणाऱ्या रिचर्ड हॅमिंगने १९५० साली नेमका हाच प्रश्न गणितात मांडला. दोन वैध संदेशांमध्ये एकाच चिन्हाचा फरक असेल, तर एक चूक झाल्यावर मिळणारा संदेशही वैधच दिसतो आणि वाचणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. किमान दोन चिन्हांचा फरक ठेवला तर एक चूक पकडता येते, तीनचा ठेवला तर ती दुरुस्तही करता येते. ‘धरावे’ चुकून ‘थरावे’ झालं असतं तर सुमेरसिंगाने हा काय शब्द म्हणून विचारलं असतं. ‘मारावे’ वर विचारण्यासारखं काही नव्हतं. चुकीचा निरोप खोटा दिसला तर परवडतो. खऱ्यासारखा दिसला तर मेलो.

राघोबांनी ‘कैद करावे, जिवास धक्का लावू नये’ असं लिहिलं असतं, तर एका अक्षराने काम भागलं नसतं. अख्खं वाक्य खोडावं लागलं असतं आणि खाडाखोड लपली नसती. यालाच माहितीशास्त्रात रिडंडन्सी म्हणतात. एरवी आपण याला पाल्हाळ म्हणून नावं ठेवतो.

आधार क्रमांकाचा शेवटचा, बारावा अंक याच कामासाठी असतो. तो आधीच्या अकरा अंकांवरून व्हरहुफ नावाच्या डच गणितज्ञाच्या पद्धतीने काढलेला असतो. कोणताही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर हिशोब जुळत नाही आणि संगणक नंबर घेतच नाही.

हे सगळं आजच्या लोकांना सुचलं आणि मराठी राज्यातल्या कारकुनांना सुचलं नव्हतं, असं समजू नका. उलट या बाबतीत ते लोक पक्के होते. शिवकाळातल्या राजपत्रांवर वरच्या बाजूला राजमुद्रा असते तशी शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी छोटी मुद्रा असते. पत्राची मर्यादा इथे संपली, याच्याखाली कुणी काही लिहिलं तर ते आमचं नाही, हा तिचा अर्थ. पेशवाईत ‘लेखनसीमा’ हा शिक्का तेच काम करतो. ‘मोर्तब होणे’ हा शब्द आपण आज निर्णयाला वापरतो, पण मुळात मोर्तब म्हणजे हाच शेवटचा शिक्का. सरकारी पत्राचा मसुदा व्हायचा, स्वच्छ प्रत व्हायची, दप्तरी नोंद व्हायची, रुजुवात व्हायची. कागद चार हातांतून जायचा आणि ते चार हात एकमेकांवर नजर ठेवायचे.

सनाचंच बघा. १७७३-७४ हे वर्ष शुहूर सनाने ११७४ येतं, पण कागदावर ते ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असं अरबी शब्दांत लिहिलेलं असतं: चार, सत्तर, शंभर आणि हजार. अंक एका रेघेने बदलतो. ‘सबैन’ चं दुसरं काही करायचं तर चांगलीच मेहनत आहे. चेकवर आपण रक्कम आकड्यात लिहून पुन्हा अक्षरी लिहितो, त्यामागे हेच कारण आहे. (मोडीत तारखा वाचायला शिकताना हे अरबी आकडे आधी पाठ करा, नंतर फार वेळ वाचतो.)

मग एवढी व्यवस्था असताना १७७३ मध्ये ती उपयोगी का पडली नाही? माझं उत्तर असं: तो हुकूम व्यवस्थेतून गेलाच नाही. नजरकैदेतला माणूस पेशव्याला धरण्याचा हुकूम पेशव्याच्याच फडावर लिहून घेऊ शकत नव्हता. मसुदा नाही, नोंद नाही, रुजुवात नाही. गुप्तता हवी म्हटली की तपासणारे डोळे आपोआप कमी होतात, आणि उरलेल्या एका-दोन हातांवर सगळा भार येतो. कथा खरी धरली तर राघोबांनी शब्द लिहिला तेव्हा तो बरोबर होता. पण कागद दाराबाहेर पडताना त्यावर काय होतं, ते त्यांनी पाहिलं नाही. आणि लेखनसीमेचा शिक्का मारला असता तरी उपयोग नव्हता, कारण तो शेवटाचं रक्षण करतो. इथे बदल पोटात झाला होता.

आता एवढं सगळं सांगून मीच त्याला थोडा छेद देतो. ‘धरावे’ तसंच राहिलं असतं तर नारायणराव वाचला असता का? मला खात्री वाटत नाही. पगारासाठी खवळलेल्या, हत्यारबंद लोकांना राज्याच्या धन्याला पकडायला सांगायचं, आणि तो प्रतिकार करेल तेव्हा काय करायचं ते सांगायचंच नाही, हा निरोप अक्षरशः बरोबर असूनही धोकादायक होता. शुद्धलेखन तपासून तो दोष निघाला नसता. आपण पाठवण्याआधी वाचतो तेव्हा बहुतेक वेळा अक्षरंच तपासतो. समोरचा यावरून नक्की काय करेल, ही तपासणी वेगळी आहे आणि ती क्वचितच होते.

आणि त्याच दिवसाचा दुसरा निरोप तर कुणाच्या लक्षातही नसतो. डफच्या वर्णनानुसार सकाळीच गारद्यांमधली चुळबुळ नारायणरावाच्या कानावर आली होती, आणि त्याने हरिपंत फडक्यांना बंदोबस्त ठेवायला सांगितलं होतं. निरोप स्पष्ट होता, तोंडी होता, योग्य माणसाला दिला होता, त्यात कुणी काही बदललं नव्हतं. हरिपंत जेवायला गेले. केलं का, असं उलट विचारायची पद्धत असती तर? मला हा निरोप त्या प्रसिद्ध कागदापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. यात कटकारस्थान काहीच नाही, एक साधी राहून गेलेली गोष्ट आहे.

विमान वाहतुकीने हा धडा फार महागात घेतला. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. वैमानिकाचं वाक्य दोन अर्थांचं होतं आणि नियंत्रण कक्षाने त्यावर आधी ‘ओके’ म्हटलं. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगीच्या वेळीच उच्चारायचा असा दंडक आला, आणि महत्त्वाची सूचना वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवण्यावर भर वाढला. नुसतं ‘हो’ चालत नाही. काय ऐकलंस ते सांग.

कागदाचा अर्थ बदलायला दरवेळी अक्षर बदलावं लागतं असंही नाही. १३ जुलै १८७० ची एम्सची तार बिस्मार्कने फक्त छाटून वर्तमानपत्रांना दिली. उरलेल्या मजकुराचा सूर उद्धट झाला आणि आठवड्याच्या आत फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. लेख ‘थोडक्यात’ करताना, गाइडला मोठ्या निष्कर्षाचा दोन ओळींचा सारांश पाठवताना मला ही तार आठवते.

आमच्या या भागात, भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये, हाच विचार फार साध्या रूपात जिवंत आहे. ड्रॉइंगवर रेव्हिजन नंबर बघितल्याशिवाय मशीन लावायचं नाही. ०.०५ आणि ०.५ यांत एक शून्य आहे आणि दहापट फरक आहे. शिफ्ट बदलताना लॉगबुकात लिहायचं आणि वर तोंडीही सांगायचं. आणि पूर्ण बॅच काढण्याआधी ‘फर्स्ट पीस’ : एकच नग काढायचा, क्वालिटीकडून मोजून पास करून घ्यायचा, मगच पुढचे. ज्याने सेटिंग केलं त्यानेच पास करायचं नाही, हा त्यातला मर्म. प्रश्नावली तीनशे लोकांना पाठवण्याआधी एका माणसाला भरायला लावणं, हे आपलं फर्स्ट पीस. तो एक माणस आपल्या लॅबमधला नसावा.

आपल्या रोजच्या निरोपांत धोका कुठे असतो? मराठीत नकार बहुतेक वाक्याच्या शेवटी येतो. ‘नमुने रात्रभर बाहेर ठेवायचे नाहीत’ यातला शेवटचा शब्द फोनच्या स्क्रीनवर खालच्या ओळीत गेला, किंवा घाईत टाइप व्हायचा राहिला, की सूचना उलटी होते आणि तरीही वाक्य धड दिसतं. ‘नमुने फ्रीजमध्येच ठेवा, बाहेर नकोत’ असं लिहिलं तर एक शब्द गळूनही काम होतं. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांची तर आणखी मजा: ‘मरावे’ आणि ‘मारावे’ तिथे सारखेच दिसतात. हॅमिंगच्या भाषेत अंतर शून्य. आनंदीबाईचीही गरज उरली नाही.

मी स्वतः एक प्रश्न विचारतो: या निरोपातला कोणता एक शब्द किंवा आकडा बदलला तर अर्थ उलटा होईल, आणि तसा बदल झाल्याचं समोरच्याला कळेल का? कळणार नसेल तर तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत पुन्हा लिहितो. ‘मंगळवारी १२ ला’ हे नुसत्या ‘१२ ला’ पेक्षा चांगलं, कारण वार आणि तारीख जुळली नाही की समोरचा फोन करतो. फाइल जोडली असेल तर पाठवण्याआधी जोडलेलीच उघडून बघतो, डेस्कटॉपवरची नाही. दाराबाहेर पडणारा कागद तो आहे.

परत १७७३ कडे येऊ, कारण परिणाम सांगायचे राहिले. पुण्यात कारभाऱ्यांनी राघोबांविरुद्ध एकजूट केली, तीच बारभाईंची मसलत. नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवरावाचा जन्म झाला आणि राघोबांचा हक्क संपला. ते इंग्रजांकडे गेले, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध सुरू झालं ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. हे सगळं एका अक्षरामुळे झालं असं लिहायचा मोह मोठा आहे. मी लिहिणार नाही. गादीचं भांडण, थकलेला पगार, इंग्रजांची मुंबईतली भूक, हे सगळं अक्षराच्या आधीपासून तिथे होतं.

वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ चा पहिला खंड काढला तेव्हा हाच आग्रह धरला होता: बखर वेगळी, अस्सल पत्र वेगळं, आणि एकाला दुसऱ्याशी ताडल्याशिवाय पुढे जायचं नाही. ते गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत होते ते त्यासाठीच. पुढे १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, आणि १९३० नंतर गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड छापून निघाले. आज यातलं पुष्कळसं ग्रंथालयात सहज हाताशी येतं.

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एक काम करून बघा. डफच्या ग्रंथातलं नारायणरावाच्या खुनाचं आणि चौकशीचं वर्णन काढा. थोडी पानं आहेत, एका दुपारी होतील. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्याच्या समासात तीनपैकी एक अक्षर लिहा: कागदावरून असेल तर ‘क’, ऐकीव असेल तर ‘ऐ’, लेखकाचं स्वतःचं अनुमान असेल तर ‘अ’. जिथे ठरवता येणार नाही तिथे प्रश्नचिन्ह करा. मग त्याच घटनेचं शालेय पुस्तकातलं किंवा एखाद्या कादंबरीतलं वर्णन घ्या आणि तीच खूण पुन्हा करत जा.